सुभेदारांचा भिवा

(द्वितीय वर्ष कला)

आमच्या इंग्रजीच्या सरांनी गेल्या वर्षी आम्हां चार-पाच विद्यार्थ्यांना एक लहानसे पुस्तक वाचायला दिले. एली विझेल या ज्यू लेखकाचे 'नाइट'. पुस्तक शंभर-सव्वाशे पानांचे. पण शब्दकोश शेजारी घेऊन ते संपवायला मला तीन आठवडे लागले. १९४४ साली नाझींनी सिगेत नावाच्या गावातील ज्यूंना गुरांच्या डब्यांत कोंबून ऑश्विट्झच्या छळछावणीत नेले. त्यांत पंधरा वर्षांचा एली होता आणि त्याचे वडील श्लोमो होते. आई आणि धाकटी बहीण पहिल्याच रात्री कायमच्या तुटल्या. त्यानंतर बापलेक एकमेकांच्या आधाराने जगले. पाव-सूप वाटून खाल्ले, बर्फातून एकमेकांना ओढत नेले. १९४५ च्या जानेवारीत बुखेनवाल्डच्या छावणीत वडील तळमळत मुलाला हाक मारीत राहिले आणि मुलगा माराच्या भीतीने जागचा हलला नाही. सकाळी उठून पाहतो तो वडिलांच्या जागी दुसराच रोगी! आपल्याला रडू आले नाही, उलट मनात खोल कुठेतरी सुटल्यासारखे वाटले, असे विझेल यांनी प्रांजळपणे लिहून ठेवले आहे. ते वाचून मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ अंगणात जाऊन बसलो.

चर्चेच्या वेळी सरांनी प्रश्न टाकला की, माणसाला माणूस न मानणाऱ्या व्यवस्थेत बाप आणि मुलगा यांचे काय होते, हे सांगणारे आपल्याकडचे कोणते लेखन तुम्हाला आठवते? वर्गात बराच वेळ शांतता होती. मला मसूर स्टेशनावर उभी असलेली चार मुले आठवली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची चरित्रे मी शाळेपासून वाचत आलो आहे. ग्रंथालयातील धनंजय कीरांचे वाचले, चां. भ. खैरमोडे यांचे काही खंड वाचले. पण त्या दिवसापासून मी ती वेगळ्या तऱ्हेने वाचू लागलो. घटनाकार, अर्थशास्त्रज्ञ, महामानव हे सारे आहेच. मी मात्र त्यांत सुभेदार रामजी सकपाळ यांचा धाकटा मुलगा शोधू लागलो.

एक गोष्ट आधी सांगून टाकतो. नाझींच्या छावण्या आणि आपल्याकडची अस्पृश्यता यांना एका तागडीत घालण्याचा माझा विचार नाही. तिथे काही वर्षांत साठ लाख माणसे ठार मारली गेली. इथे शतकानुशतके माणसांना जिवंत ठेवून, राबवून घेऊन, माणूसपण नाकारले गेले. कोणते दुःख मोठे हे ठरवणारा मी कोण? पण बापाची मुलासमोर होणारी शोभा आणि मुलाला बापाचे वाटणारे ओझे, या दोन गोष्टी मला दोन्हीकडे दिसल्या.

रामजी मालोजी सकपाळ मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावचे. त्यांचे वडील मालोजी हेही सैन्यात होते. रामजी सैन्यात शिकले, शिक्षक झाले आणि चौदा वर्षे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. ज्या समाजाला गावच्या शाळेची पायरी चढता येत नव्हती, त्या समाजातील हा माणूस शाळा चालवीत होता! पलटणीमुळे हे घडले. म्हणूनच १८९२ च्या सुमारास सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली, तेव्हा रामजींना आपल्या मुलांच्या वाटेवरचे दारच बंद झालेले दिसले. न्यायमूर्ती रानडे यांची मदत घेऊन त्यांनी या बंदीविरुद्ध अर्ज केला. उपयोग झाला नाही.

१४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत त्यांना चौदावे अपत्य झाले. हाच भिवा, भीमराव. चौदांपैकी जगली ती पाच: बाळाराम, आनंदराव, भीम आणि मंजुळा व तुळसा या बहिणी. पुढे स्वतः बाबासाहेबांच्या संसारात काय घडले ते पाहिले, की या आकड्यावरून नजर सहज पुढे सरकत नाही.

निवृत्तीनंतर कुटुंब दापोलीला आणि मग साताऱ्याला आले. साताऱ्यातच भिवाची आई भीमाबाई वारली. तो तेव्हा जेमतेम पाच-सहा वर्षांचा. पाठीला कुबड असलेल्या मीरा आत्याने मुलांना सांभाळले. रामजी कबीरपंथी. घरात पहाटे आणि संध्याकाळी भजन व्हायचे, अभंग-दोहे म्हटले जायचे आणि मुलांनी ते म्हटल्याशिवाय जेवायला बसायचे नाही असा दंडक होता. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवाचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात पहिल्या इंग्रजी इयत्तेत दाखल झाले. हा दिवस अलीकडे महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. वर्गात मात्र भिवा घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसायचा. तहान लागली तर शिपायाने नळ सोडल्यावरच पाणी. शिपाई नसला तर पाणी नाही.

आता त्या मसूरच्या गोष्टीकडे येतो. ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहिली आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या त्यांच्या छोट्या इंग्रजी आत्मकथनात ती पहिलीच आहे. साल १९०१. रामजी तेव्हा खटाव तालुक्यातील गोरेगावात रोखपाल होते. (मुंबईचे गोरेगाव नव्हे.) दुष्काळाने माणसे मरत होती, त्यांना काम मिळावे म्हणून सरकारने तिथे तलाव खोदायला काढला होता. त्या मजुरीचा पैसा रामजींच्या हाताखालून जात होता. उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि त्यांनी मुलांना भेटीला बोलावले. मुलांच्या आनंदाला पारावार राहिला नाही. नवे सदरे शिवले, जरीच्या टोप्या आल्या, नवे जोडे आले, रेशीमकाठी धोतरे आली. भिवा, त्याचा मोठा भाऊ आणि वारलेल्या थोरल्या बहिणीचे दोन मुलगे अशी चार पोरे आगगाडीत बसली. आगगाडीत बसण्याची ती पहिलीच वेळ. कोणत्या दिवशी येणार ते पत्राने कळवले होते आणि मसूर स्टेशनावर वडिलांचा शिपाई येणार होता.

संध्याकाळी पाचच्या सुमारास गाडी मसूरला पोचली. उतारू आपापल्या वाटेने गेले. मुले फलाटावर वाट पाहत उभी राहिली. शिपाई नाही, वडील नाहीत. पोशाखावरून मुले ब्राह्मणांची वाटली, म्हणून स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करायला आले. भिवाने सरळ सांगून टाकले की आम्ही महार आहोत. मास्तरांचा चेहरा क्षणात बदलला आणि ते मागे सरून आपल्या खोलीत निघून गेले. बाहेर भाड्याच्या बैलगाड्या होत्या, पण दुप्पट भाडे देऊनही कोणी गाडी जुंपीना. अखेर तोड निघाली ती अशी, की भाडे दुप्पट द्यायचे, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवान बाजूने पायी चालणार!

रात्र झाली. बरोबर जेवणाचा डबा होता, भरपूर होते. पाणी नव्हते. वाटेत नदीच्या पात्रात एक डबके लागले, ते गुरांच्या मुताशेणाने घाण झालेले. वास घेऊनच मुले मागे फिरली. पुढे टोलनाका आला. गाडीवानाने शिकवून ठेवले की आम्ही मुसलमान आहोत असे सांगा, म्हणजे पाणी मिळेल. भिवा उर्दूत बोलला. टोलवाल्याने तुमच्यासाठी पाणी भरून ठेवलेले नाही, अशा अर्थाचे उत्तर दिले आणि डोंगराकडे बोट दाखवले. त्या रात्री चार मुले उघड्या डब्यासमोर उपाशी राहिली. दोघांनी जागायचे, दोघांनी झोपायचे, असे त्यांनी ठरवले, कारण अंगावर दागिने होते आणि गाडीवानाचा भरवसा वाटत नव्हता.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास गाडी गोरेगावात पोचली. मुलांना पाहून रामजी चकितच झाले. त्यांना काही कळलेच नव्हते! मुले म्हणत होती, आम्ही पत्र पाठवले. रामजी म्हणत होते, पत्र आले नाही. मागाहून उलगडा झाला. पत्र आले होते. शिपायाने ते त्यांच्या हाती दिलेच नव्हते.

इथे मी नेहमी थांबतो. चरित्रकार या प्रसंगात अस्पृश्यतेचा दाहक अनुभव दाखवतात आणि ते बरोबरच आहे. पण मला ते अंगण दिसते. समोर धुळीने माखलेले जरीच्या टोपीतले पोर आहे आणि पलटणीत सुभेदारपदापर्यंत चढलेला, चौदा वर्षे मुख्याध्यापक राहिलेला, स्वतः तलावाच्या कामाचा हिशेब ठेवणारा बाप आहे. या बापाला आपल्या मुलांना मसूर ते गोरेगाव या वाटेवर घोटभर पाणी मिळवून देता येत नाही. पत्र वेळेवर मिळाले असते तर शिपाई गेला असता, गाडी ठरली असती, पाण्याचे भांडे बरोबर असते. म्हणजे अपमान टळला नसता, फक्त आधीच बंदोबस्त करून झाकला गेला असता. आजवर मुलांच्या लक्षात न आलेली गोष्ट त्या शिपायाच्या गलथानपणामुळे उघडी पडली. बापाने उभारलेले कुंपण किती लहान आहे, हे भिवाने त्या रात्री पाहिले. तो नऊ-दहा वर्षांचा होता.

विझेल यांच्या पुस्तकात बाप मुलाच्या डोळ्यांदेखत मार खातो. रामजींना भिवाच्या डोळ्यांदेखत कोणी मारले नाही. ते तिथे नव्हतेच. पण मुलाच्या मनात बाप लहान होण्याचा धोका दोन्हीकडे सारखाच.

भिवाच्या मनात तो झाला होता का? मला वाटते, काही काळ झाला असावा. आईच्या मागे रामजींनी दुसरे लग्न केले. सावत्र आईच्या अंगावर आपल्या आईचे दागिने पाहून भिवाला संताप यायचा. वडिलांवर अवलंबून राहायचे नाही, मुंबईला पळून जायचे आणि गिरणीत काम धरायचे, असे त्याने ठरवले. साताऱ्याची पोरे तेव्हा गिरणीत लागत होती. भाड्याला पैसे नव्हते म्हणून त्याने आत्याच्या कमरेची पिशवी लांबवायचे ठरवले. रात्रीमागून रात्री प्रयत्न केला, शेवटी पिशवी हाती लागली, तर तिच्यात अर्धा आणा! हा प्रसंग बाबासाहेबांनीच पुढे सांगितला. त्या अर्ध्या आण्याने त्यांना शरम वाटली आणि मग त्यांनी अभ्यास करून लवकर स्वतंत्र व्हायचे ठरवले. म्हणजे पाहा, ज्या अभ्यासाचे आपण गोडवे गातो त्याच्या मुळाशी बापापासून सुटण्याची इच्छा होती. आपल्या गौरवग्रंथांत रामजींना संत करून टाकतात आणि भिवाला आदर्श पुत्र. मला हे दोघे तसे वाटत नाहीत आणि म्हणून अधिक जवळचे वाटतात.

१९०४ च्या सुमारास कुटुंब मुंबईला परळच्या डबक चाळीत आले. एकच खोली. चूल, सरपण, भांडीकुंडी, माणसे, सारे तिथेच. भिवा आधी मराठा हायस्कुलात आणि मग एल्फिन्स्टन हायस्कुलात जाऊ लागला. रामजींचे पेन्शन महिना पन्नास रुपयांच्या आसपास. या खोलीत अभ्यासाला जागा कुठून आणायची? रामजींनी ती घड्याळात शोधली. मुलाला लवकर झोपवायचे, स्वतः रात्री दोनपर्यंत जागे राहायचे आणि दोन वाजता मुलाला उठवून मग आपण त्या जागेवर आडवे व्हायचे. चाळ झोपलेली असताना मिणमिणत्या दिव्याशी भिवा वाचत बसायचा. एक माणूस झोपेल एवढी जागा बाप आणि मुलगा पाळीपाळीने वापरीत होते.

पुस्तकांचा हट्ट असाच. अभ्यासक्रमाबाहेरची पुस्तकेही भिवाला हवी असत. खिशात पैसे नसले की रामजी तडक मुंबईत दिलेल्या लेकीकडे जायचे. तिच्याकडून उसने घ्यायचे; तिच्याकडे पैसे नसले तर तिचा एखादा दागिना मागून आणायचे, तो सावकाराकडे ठेवायचा, पुस्तक घ्यायचे आणि पेन्शन झाले की दागिना सोडवून परत द्यायचा. एकीकडे नाही मिळाले तर दुसरीकडे. दिलेल्या लेकीच्या दारात उभे राहून तिच्या अंगावरचा दागिना मागणे सुभेदाराला सोपे गेले असेल काय? आणि त्या मंजुळा-तुळसांविषयी आपण किती थोडे बोलतो! त्या भावाच्या पुस्तकांसाठी कानगळा रिकामा करीत होत्या.

इथे थोडे घरचे लिहिले तर वाचक क्षमा करतील. मुळशीच्या खोऱ्यातले आमचे घर. दादा चौथी शिकले. पावसाळ्यात भात आणि बाकी वर्षभर एका कारखान्यात माल चढवण्या-उतरवण्याचे काम. घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला. पहिल्या वर्षाला पुस्तके आणि बसचा पास यांसाठी त्यांनी आईच्या कानांतली फुले पतपेढीत ठेवली, हे मला दिवाळीत कळले, कारण लक्ष्मीपूजनाला आईचे कान मोकळे होते. मी विचारले तर दादा म्हणाले काही नाही, बैलांना पाणी पाजायला उठून गेले. त्या दिवसापासून पुस्तक उघडले की मला ते कान दिसतात. मला त्याचा अभिमान वाटतो असे लिहायला हवे. पण खरे सांगायचे तर पुष्कळदा छातीवर धोंडा ठेवल्यासारखे वाटते. आपण नापास झालो तर? विझेल यांनी वापरलेला तो सुटकेचा शब्द मला इतका का लागला, ते मला तेव्हा उमगले.

१९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले. ही गोष्ट त्या काळी एवढी अपूर्व की समाजाने सत्काराची सभा घेतली. सी. के. बोले अध्यक्ष होते. कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपले बुद्धचरित्र भेट दिले. सुमारास रमाबाईंशी लग्न झाले, तेही भायखळ्याच्या बाजारात, रात्री बाजार उठल्यावर. पुढे कॉलेजचा खर्च रामजींना झेपेना. तेव्हा केळुसकरांनी खटपट करून बडोद्याचे सयाजीराव महाराज यांची महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. रामजींची एक इच्छा मात्र अपुरी राहिली. मुलांनी संस्कृत शिकावे असे त्यांना फार वाटे. शाळेत ते अस्पृश्य मुलांना शिकवीत नसत, म्हणून भीमरावांना फारसी घ्यावी लागली. १९१२ साली ते बी. ए. झाले.

शिष्यवृत्तीच्या उपकाराची फेड म्हणून १९१३ च्या जानेवारीत भीमराव बडोद्याला नोकरीवर जायला निघाले. रामजींना हे मान्य नव्हते. तिथे कशी वागणूक मिळेल याची अटकळ त्यांनी बांधली होती. बापलेकांत यावरून वाद झाला आणि मुलगा वडिलांचे न ऐकता गेला. तिथे पोचून पंधरवडा झाला नाही तोच तार आली की वडील अत्यवस्थ आहेत.

भीमराव मुंबईच्या गाडीत बसले. सुरतेला गाडी थांबली तेव्हा वडिलांसाठी मिठाई घ्यावी म्हणून खाली उतरले. मिठाई घेऊन येतात तो गाडी निघून गेलेली! पुढची गाडी मिळून मुंबईला पोचायला दुसरा दिवस उजाडला. घरी सारे जमले होते. रामजींचे डोळे दाराकडे लागलेले होते. मुलाला पाहून त्यांनी त्याच्या पाठीवरून क्षीण हात फिरवला. बोलवत नव्हते. थोड्याच वेळात डोळे मिटले. २ फेब्रुवारी १९१३. चरित्रात लिहिले आहे की भीमरावांचा आक्रोश कोणाला आवरेना.

मसूरला मुले वडिलांची वाट पाहत होती आणि वडील आले नाहीत. परळला वडील मुलाची वाट पाहत होते आणि मुलगा एक गाडी चुकून आला. पहिल्या वेळी न पोचलेले पत्र आडवे आले, दुसऱ्या वेळी मिठाईचा पुडा. तरी भीमरावांना निदान तो हात पाठीवर मिळाला. एली विझेलला तेवढेही मिळाले नाही.

त्यानंतरची वर्षे सर्वांना ठाऊक आहेत, म्हणून भराभर सांगतो. १९१३ मध्ये सयाजीराव महाराजांच्या मदतीने न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ, १९१५ मध्ये एम. ए., १९१६ मध्ये लंडन. १९१७ मध्ये करारानुसार बडोद्याला परत. तिथे पारशी खाणावळीतून काठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले. म्हणजे रामजींनी बांधलेली अटकळ चार वर्षांनी खरी ठरली. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी, १९२० मध्ये पुन्हा लंडन, १९२३ मध्ये डी. एस्सी. आणि बॅरिस्टर होऊन परत. न्यूयॉर्कला असताना त्यांनी वडिलांच्या एका स्नेह्याला पत्र लिहिले होते. आईबाप मुलांना जन्म देतात, कर्म देत नाहीत, ही आपल्याकडची समजूत टाकून द्यावी. मुलांचे नशीब घडवणे आईबापांच्या हातात असते आणि मुलांबरोबर मुलींनाही शिकवावे, असा त्याचा आशय. वडिलांना जाऊन फार काळ झाला नव्हता. हे पत्र स्नेह्याला असले तरी मला ते रामजींनाच लिहिल्यासारखे वाटते. १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या 'रुपयाचा प्रश्न' या इंग्रजी ग्रंथाची अर्पणपत्रिका आईवडिलांच्या स्मृतीला आहे आणि तीत त्यांनी आपल्या शिक्षणासाठी केलेल्या त्यागाचा उल्लेख आहे. चलनावरच्या त्या जाडजूड ग्रंथातले तेवढेच पान मला पूर्ण समजले!

स्वतः बाप म्हणून बाबासाहेबांच्या वाट्याला जे आले ते लिहिताना हात अडखळतो. थोरला यशवंत डिसेंबर १९१२ चा, म्हणजे आजोबा गेले तेव्हा तो दीड-दोन महिन्यांचा होता. वडील परदेशी गेले तेव्हा रांगतही नसेल. त्याचे बालपण बहुतेक वडिलांशिवाय गेले. रमाबाईंनी हालअपेष्टांत घर चालवले. गंगाधर, रमेश, इंदू ही मुले लहानपणीच गेली. शेवटचा राजरत्न. हा बाबासाहेबांचा फार लाडका. १९ जुलै १९२६ रोजी न्यूमोनियाने तोही गेला. महिन्याभराने दत्तोबा पवार या स्नेह्यांना लिहिलेल्या पत्रात बाबासाहेबांनी सांगितले आहे की या धक्क्यातून आपण सावरू असे म्हणणे ढोंग होईल. तीन मुलगे आणि एक मुलगी अशी चार मुले आम्ही पुरली. ज्या माणसाने उभ्या हयातीत प्रतिपक्षासमोर कधी मान खाली घातली नाही, त्याने या पत्रात आपली निराशा झाकलेली नाही. रामजींनी चौदांपैकी नऊ गमावली होती, यांनी पाचांपैकी चार. पण रामजींच्या पाठीमागे भिवा होता. रात्री दोनला ज्याला उठवायचे असा मुलगा बाबासाहेबांना राजरत्नात दिसत होता की काय, कोण जाणे!

या दुःखाला बरोबर आठ महिने झाले आणि २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब महाडला चवदार तळ्याच्या काठी उभे होते. १९२३ मध्ये बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात संमत झाला होता, महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचेही ठरवले होते; पण ते कागदावर. बाबासाहेब पायऱ्या उतरले आणि ओंजळीने पाणी प्याले. मागून हजारो माणसे प्याली. त्यानंतर परिषदेच्या मंडपावर हल्ला झाला, तळ्याचे शुद्धीकरण झाले, दावा चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. हे सारे आम्ही पाठ्यपुस्तकात शिकलो. धरण उशाशी असून उन्हाळ्यात आमच्या वाडीवर हंड्यांची रांग लागते. पाणी बोगद्यातून कोकणात भिऱ्याला वीज करायला उतरते. त्या रांगेत उभा राहून पाण्याचा इतिहास आठवणे मला अवघड जात नाही. पण चवदार तळ्याच्या त्या ओंजळीकडे मी मसूरच्या वाटेवरून पाहतो. सव्वीस वर्षांपूर्वी डबा उघडा ठेवून उपाशी निजलेला मुलगा तिथे पाणी पीत होता आणि त्याच्या बरोबर हजारोंची मुलेबाळे होती. बापाला जे एका कुटुंबापुरते बंदोबस्त करून झाकावे लागत होते, ते मुलाने चव्हाट्यावर आणले.

२७ मे १९३५ रोजी रमाबाईही गेल्या. यशवंतरावांनी पुढे वडिलांचा छापखाना सांभाळला आणि वडिलांच्या पश्चात भारतीय बौद्ध महासभेचे काम केले. १९७७ मध्ये ते वारले. बापलेकांत रामजी-भिवासारखी सलगी झाली असे दिसत नाही. ज्या वयात ती होते त्या वयात बाप समुद्रापलीकडे होता.

'वेटिंग फॉर अ व्हिसा' बाबासाहेबांनी १९३५-३६ च्या सुमारास लिहिले असे मानतात. ते त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९९० मध्ये पुस्तिकारूपाने काढले. लिहिताना ते पंचेचाळिशीच्या आसपास होते, रामजींना जाऊन वीस वर्षे उलटली होती. गोरेगावची ती सारी रात्र त्यांनी बारकाव्यांनिशी लिहिली. स्टेशनमास्तर, गाडीवान, डबके, टोलवाला, कोणालाही सोडले नाही. वडिलांविषयी मात्र एकही तक्रार नाही. पत्र त्यांच्या हातात पडलेच नव्हते, चूक शिपायाची होती, एवढे त्यांनी स्पष्ट नोंदवले आहे.